पिन पंक्चर

पहाटे ४.५०

उपकेंद्रातून फोन. "साहेब, गावठाण फीडर गेला. अर्थ फॉल्ट दाखवतोय."

रात्री अकरापासून मंद्रूपच्या दिशेला विजा लवत होत्या. पाऊस म्हणावा असा पडलाच नाही. अंगणात मातीचा वास आला, पत्र्यावर टपटप झाली आणि मग पहाटेपर्यंत नुसती भुरभुर. वळवाची ही भुरभुर आमच्या खात्याला मुसळधारेपेक्षा जड जाते. सोलापुरात फेब्रुवारीपासून आभाळातून थेंब नसतो. काळ्या रानाची धूळ, वीटभट्ट्यांची राख, होटगीच्या बाजूला सिमेंटची पूड, हे सगळं चार महिने खांबावरच्या चिनीमातीवर बसत राहतं. कोरडं असेपर्यंत ते कुणाला त्रास देत नाही. जोराचा पाऊस आला तर तो इन्सुलेटर धुऊनच काढतो. भुरभुर मात्र त्या धुळीचा चिखल करते आणि त्या ओल्या थरातून वीज खांबाकडं सरपटायला लागते.

ऑपरेटरनं नियमाप्रमाणं थोडं थांबून एकदा ब्रेकर टाकून पाहिला होता. टाकला तसा उडाला. धुळीचा दोष असता तर कधीकधी एवढ्या वेळात थर सुकतो आणि फीडर उभा राहतो. हा राहिला नाही, म्हणजे कुठंतरी काहीतरी कायमचं गेलंय. पुन्हापुन्हा ट्राय घेत बसू नको, असं सांगून उठलो. दोष तसाच ठेवून ब्रेकर टाकत राहिलं, तर ज्या खांबावर वीज उतरलीय त्याच्या तणाव्याला कुणीतरी म्हैस बांधलेली असू शकते.

६.१०

गाडीत तिघं. मी, मामा आणि आयटीआय करून आलेला अप्रेंटिस. मामा हे आमचे सर्वांत जुने लाइनमन. वीज बोर्ड असताना लागले, २००५ मध्ये बोर्डाच्या कंपन्या झाल्या, कागदावरची पदनामं दोनतीनदा बदलली; गावात ते अजून 'वायरमन मामा'च आहेत आणि मी 'जेई साहेब'. फोन सुरू झालेले. पहिला पिठाच्या गिरणीचा, दुसरा पाणीपुरवठ्याच्या मोटारीचा, तिसरा नुसताच "लाइट कधी येणार ओ?"

अकरा किलोमीटरच्या लाइनवर दोष शोधायचा तर लाइन तोडत जायचं. मधल्या एबी स्विचवर गेलो, मामांनी हँडल खाली ओढलं, उपकेंद्राला सांगितलं, "घ्या चार्ज करून." अलीकडची अर्धी लाइन उभी राहिली. म्हणजे घोळ पलीकडं. ओढ्याजवळच्या दुसऱ्या स्विचवर तोच खेळ. तासाभरात शोध एकवीस खांबांवर आला. पुढचं काम पायांचं आणि डोळ्यांचं.

७.३०

खांबामागून खांब. खालून बघायचं ते असं: क्रॉसआर्मवर काजळी, खांबाच्या बुडाशी मेलेला पक्षी, सुटलेलं बाइंडिंग, तुटलेली कड. इन्सुलेटरची डिस्क फुटली तर लांबून कळतं, तिचा तुकडा रानात पडलेला असतो. पिन इन्सुलेटर, म्हणजे आमच्या बोलीतला नुसता 'पिन', पंक्चर झाला तर खालून काही म्हणजे काही दिसत नाही. तपकिरी चकाकी जशीच्या तशी, छत्रीला टवकासुद्धा नाही, आणि आत तारेच्या खाचेपासून लोखंडी पिनेपर्यंत सुईएवढं भोक पडलेलं.

अशा वेळी माणसांना विचारणं बरं. डाळिंबाच्या बागेत पाणी धरायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "रात्री हिकडं वीज पडल्यागत ठो झालं की ओ. मग त्या डांबावर निळं निळं नाचालतं." बोट दाखवलेल्या खांबाशी गेलो. तारेचा मधला फेज. क्रॉसआर्मवर पिनेच्या नटाभोवती रुपयाएवढा काळा डाग.

८.१५

उपकेंद्राकडून परमिट घेतलं, नंबर वहीत लिहिला. दोन्ही बाजूंचे स्विच उघडे आहेत ते डोळ्यांनी पाहिलं. डिस्चार्ज रॉड तिन्ही तारांना लावून लाइन दोन्हीकडून अर्थ केली. या चार गोष्टींत मामा घाई करत नाहीत, अप्रेंटिसनं शिडी लावायची तयारी केली तर म्हणाले, "आधी तार मेली का बघ, मग तू चढ."

मग हेल्मेट, पट्टा, झुला. वर जाऊन त्यांनी बाइंडिंगची तार कापली, मधला कंडक्टर उचलून बाजूला दोरीनं बांधला आणि पिनवर पान्याच्या दांडीनं हलकंसं टिचकावलं. शेजारच्या चांगल्या पिनवर टिचकावलं तेव्हा खणखणीत आवाज आला होता. हा बद्द वाजला. फुटलेलं मडकं कसं वाजतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला एवढं पुरतं, तरी मी इन्सुलेशन मोजणारा मेगर लावून घेतला. शेजारचे दोन्ही पिन पुसून कोरडे केल्यावर शेकड्यांत मेगओहम दाखवत होते. याचा काटा शून्याला चिकटला.

नवा पिन बसवायला वीसेक मिनिटं लागली. ९.२५ ला परमिट परत केलं, स्विच टाकले, फीडर उभा राहिला. पलीकडच्या वस्तीवर कुणीतरी मोटार चालूच ठेवली होती. ती लगेच बोंबलली.

१०.००

टपरीवर चहा. काढलेला पिन मी गाडीतून खाली घेतला, पोत्यावर ठेवला आणि हातोड्यानं फोडला. अप्रेंटिस बघत राहिला. "साहेब, हा तर गेलेलाच होता. आता कशाला?"

चिनीमातीचं हेच आहे. वरची काच, म्हणजे ग्लेझ, सगळं झाकते. दोन पिन शेजारी ठेवले तर त्यातला कुठला वीस वर्षं जाईल आणि कुठला पहिल्या वळवात, हे वरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फोडल्याशिवाय ती खरं बोलत नाही. चांगल्या पोर्सेलीनचा तुकडा आतून पांढरा, घट्ट, किंचित चमकणारा. कड हाताला कापेल इतकी धारदार. मी फोडलेल्याची एक बाजू तशीच होती. दुसरी, डोक्याच्या बाजूची, खडूसारखी मळकट. आणि त्या मळकट भागात नीट पाहिलं तर एक वळणदार रेघ, इंग्रजी एस अक्षरासारखी, तारेच्या खाचेखालून आत गेलेली. पंक्चरचं काळं भोक बरोबर त्या रेघेवर होतं.

खिशातलं शाईचं पेन काढून चांगल्या बाजूवर एक थेंब टाकला. थेंब तसाच गोल उभा राहिला. बोटानं पुसला तर डागही राहिला नाही. मळकट बाजूवर टाकला तर तो पसरला, आत गेला, आणि मागं निळा ठिपका ठेवून गेला. टपरीवाला आमचं हे शाईचं प्रकरण बघून म्हणाला, "पंचनामा चाललाय काय?" पंचनामाच होता. रात्रीची वीज फक्त निमित्त. हा पिन ज्या दिवशी भट्टीतून बाहेर आला त्या दिवशीच गेलेला होता. खांबावर चढवला, एवढंच.

११.३०

दुपारचं ऊन सुरू व्हायच्या आत स्टोअरला. नव्या पिनांची खेप आलीय, तिच्यातून नमुने काढायचेत. पेंढ्यात गुंडाळलेली खोकी, त्यांवर राज्याबाहेरचे पत्ते. सोलापूर चादरी विणतं, टॉवेल विणतं, कॅमशाफ्ट बनवून परदेशात पाठवतं. इन्सुलेटर मात्र बाहेरूनच येतात. फेल्डस्पार आणि माती राजस्थान-गुजरातेकडं जवळ, म्हणून कारखानेही तिकडं. उत्तरेत खुर्जा, पश्चिमेला अबू रोड, हालोल. दक्षिणेत बंगळुरूचा जुना सरकारी पोर्सेलीन कारखाना पुढं भेलमध्ये गेला. आपल्याकडं सगळीकडं काळं रान आणि खाली बेसाल्ट. त्यातून ज्वारी होते, पोर्सेलीन नाही.

खरेदीच्या कामावर असताना तपासणीसाठी अशा कारखान्यांत जावं लागायचं. त्यामुळं खोकी उघडता उघडता अप्रेंटिसनं विचारलं, तेव्हा सांगायला बरंच होतं.

निम्मी माती, पाव फेल्डस्पार, पाव गारगोटीची पूड, हा साधारण जुना मेळ. माती आकार देते. फेल्डस्पार भट्टीत वितळून काच होतो आणि सगळ्या फटी भरतो. गारगोटी सांगाडा धरते. जास्त ताकदीचा माल हवा असेल तर गारगोटीच्या जागी अल्युमिना घालतात. महाग पडतं, पण उपकेंद्रातल्या मोठ्या खांबांना तेच लागतं. हे सगळं गोट्या घातलेल्या मोठ्या ढोलात पाण्याबरोबर तासन्‌तास दळतात. त्या घोळातून चाळणीनं खडा आणि चुंबकानं लोखंडाचा कण काढतात. लोखंडाचा एक कण राहिला तर भट्टीत तिथं काळा ठिपका येतो, आणि तो ठिपका म्हणजे विजेला आत शिरायला वाट.

मग फिल्टर प्रेस. कापडात दाबून पाणी काढलं की राखाडी चकत्या पडतात. त्या चकत्या पगमिलमध्ये जातात, आणि सकाळच्या त्या रेघेचा जन्म इथला. पगमिल म्हणजे शेवेचा अजस्र सोऱ्या: आत मळसूत्री पातं फिरतं, माती मळतं, पुढं ढकलतं आणि तोंडातून जाड दंडगोल बाहेर येतो. या यंत्रात हवा शोषून काढायची सोय असते. तो पंप नीट चालत नसेल, तोंडाचा साचा झिजला असेल किंवा मातीत पाणी कमीजास्त असेल, तर पात्यानं फिरवलेले थर एकमेकांत पुरते मिसळत नाहीत. ओल्या दंडगोलात ते दिसत नाही. वाळल्यावर, भाजल्यावर ते थर एस आकारात उकलतात. वरून ग्लेझ चढलेलं असतं, त्यामुळं तेव्हाही दिसत नाही.

पुढं प्लास्टरच्या साच्यात आकार, किंवा मोठ्या नगांना लेथवर कातून. मग वाळवण. अप्रेंटिसला वाटलं, पंख्याखाली ठेवत असतील. वाळवणात घाई केली की बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि तडा पडतो; म्हणून दमट, कोमट खोल्यांतून दिवसेंदिवस हळूहळू पाणी काढतात. ओल्या मातीपासून भाजलेल्या मालापर्यंत माप दहा-बारा टक्क्यांनी लहान होतं. त्यामुळं साचा आधीच मोठा करावा लागतो. मग ग्लेझच्या हौदात बुडी. तपकिरी रंग लोह, मँगनीज अशा ऑक्साइडांचा. रंगाला विजेच्या दृष्टीनं फारसा अर्थ नाही. पण गुळगुळीत ग्लेझवर धूळ कमी टिकते, पाणी लगेच ओघळतं, आणि भाजून थंड होताना ग्लेझ आतल्या मातीपेक्षा थोडं कमी आकसेल असं बनवलं तर ते पृष्ठभागाला कायम दाबून धरतं. पोर्सेलीनला दाब सोसतो, ताण सोसत नाही. अंगात ताकद आहे ती दाबाचीच, ताणाच्या कितीतरी पट. या एका स्वभावावर सगळ्या इन्सुलेटरांचा घाट ठरलाय: डिस्कला तुम्ही ओढता, पण वरची टोपी आणि आतली पिन अशा घडवलेल्या असतात की मधल्या पोर्सेलीनवर ओढ दाबासारखी येते. तणाव्यात असतो त्या अंड्यासारख्या इन्सुलेटरमध्ये दोन्हीकडच्या तारा एकमेकींत अडकवलेल्या असतात. तोही दबलेलाच राहतो, आणि फुटला तरी तणावा सुटत नाही.

भट्टी बाराशे ते तेराशे अंशांची. मधल्या काही तासांत आतली माती काच धरू लागते आणि माल निबर होतो. पण बिघडतो तो बहुधा उतरताना. ५७३ अंशांना गारगोटीचा कण आपला आकार एकदम बदलतो. त्या टप्प्यावर भट्टी झपकन थंड केली तर केसाएवढे तडे. कमी भाजलं तर सकाळसारखा खडू, जास्त भाजलं तर आत बुडबुडे. भट्टीवाला माणूस तिथं नुसता आकड्यांवर काम करत नाही. एका कारखान्यातले जुने गृहस्थ भट्टीच्या खिडकीतून बघून सांगायचे, "अजून अर्धा तास," आणि यंत्रावरचा आकडा त्यांना फार वेळा खोटा पाडत नसे.

डिस्कला त्यानंतर लोखंडी टोपी आणि पिन सिमेंटनं बसवतात. हे सिमेंट घरबांधणीचंच, पोर्टलँड, पण त्याची निवड आणि मुरवण नीट नसेल तर ते पुढं वर्षानुवर्षं ओलाव्यानं फुगत राहतं आणि आतून पोर्सेलीन चिरतं. बसवल्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी एकाच लाइनवरच्या डिस्क ओळीनं तडकायला लागल्या, तर मी आधी सिमेंटवर संशय घेतो.

मातीच्या ढोलापासून पेंढ्याच्या खोक्यापर्यंत काही आठवडे जातात. आज सकाळी मामांनी पिन वीस मिनिटांत बदलला.

दुपारी २.१५

डबा खाऊन कागद. कंत्राटदारानं जोडलेले चाचणीचे दाखले वाचायचे. त्यातले बरेचसे नियम आयएस ७३१ या भारतीय मानकातले, १९७१ चं. आमच्या ११ केव्हीच्या पिनला पावसात ३५ केव्ही सोसलं पाहिजे, विजेच्या झटक्याला ७५ केव्ही, आणि त्याचं अंग फोडून वीज आत शिरायला किमान १०५ केव्ही लागलं पाहिजे. तार आणि जमिनीमध्ये रोज असतात ६,३५० व्होल्ट. सोळापट राखीव. एवढं कशाला, असं खरेदी विभागात नवा माणूस आला की हमखास विचारतो. उत्तर त्या तीन आकड्यांच्या क्रमातच आहे. जास्त व्होल्टेज आलं तर ठिणगी बाहेरून, हवेतून उडून जावी. आतून जाता कामा नये. बाहेरून गेली तर ब्रेकर उडेल, पुन्हा टाकता येईल, पिन शाबूत. आतून गेली तर पहाटेचा फोन.

म्हणूनच अंग फोडायची चाचणी तेलात बुडवून घ्यावी लागते. हवेत घेतली तर ठिणगी बाहेरूनच पळते आणि अंगाची परीक्षा होतच नाही.

कारखान्यात सर्वांत नेत्रदीपक म्हणजे रोजची चाचणी, जी प्रत्येक नगावर होते. पिन रांगेत उलटे मांडतात आणि व्होल्टेज इतकं चढवतात की दर काही सेकंदांनी त्यांच्यावरून ठिणग्या उडत राहतील. हे किमान पाच मिनिटं. खोलीत अंधार, निळ्या नागमोडी रेघा, कडकड आणि नाकाला झोंबणारा ओझोनचा वास. पहिल्यांदा पाहणारा ठिणग्यांकडं बघतो. तपासनीस मात्र ज्याच्यावरून ठिणगी उडायची थांबलीय त्या पिनकडं बघतो. तो आतून गेला. त्याला चिमट्यानं बाहेर.

बाकीच्या चाचण्या नमुन्यांवर. गरम पाण्याच्या हौदातून काढून थेट थंड पाण्यात, मध्ये ७० अंशांचा फरक, पुन्हापुन्हा. सोलापूरच्या मे महिन्यात खांबावरचा पिन दिवसभर भाजतो आणि संध्याकाळी वळीव त्याच्यावर ओततो; ही चाचणी म्हणजे तेच, जरा निर्दयपणे. डिस्कला यंत्रात ओढतात. ७० किलोन्यूटनची डिस्क म्हणजे सुमारे सात टन. ओढताना तिच्यावर व्होल्टेजही ठेवतात, कारण टोपीच्या आत तडा गेला तर बाहेरून डिस्क तशीच दिसते आणि लोखंड लोखंडाला धरून राहतं. व्होल्टेज मात्र तत्काळ पडतं. लोखंडी भागावरचं जस्त तपासायला त्याला मोरचुदाच्या द्रावणात एकेक मिनिट बुडवतात. अंगावर तांब्याचा लालसर थर धरला की जस्ताची जाडी कमी.

आणि शेवटी ती परीक्षा, जी माझ्या मते सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत जास्त उरकली जाणारी. सच्छिद्रतेची. नमुना फोडतात. ताजे तुकडे फुक्सिन नावाच्या गुलाबी रंगाच्या स्पिरिटमध्ये बुडवून पोलादी भांड्यात बंद करतात आणि दाब देतात. १५ मेगापास्कल दिला तर बारा तास. दाब आणि तास यांचा गुणाकार १८० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. मग तुकडे धुऊन, वाळवून पुन्हा फोडायचे. आत कुठंही गुलाबी दिसता कामा नये. आमचा टपरीवरचा शाईचा थेंब ही त्या परीक्षेची गरीब बहीण. ठिणग्यांची चाचणी आजचा पिन पास करते. गुलाबी रंग पुढच्या वीस पावसाळ्यांबद्दल सांगतो. पण हिला रात्र लागते, आणि तपासणीला आलेल्या साहेबाची परतीची गाडी बहुधा संध्याकाळची असते. कुठल्याही दाखल्यावर 'सच्छिद्रता: समाधानकारक' एवढंच लिहिलेलं आणि दाब-तासांची नोंद नसेल तर मी तो कागद बाजूला ठेवतो. आज तीनपैकी एक दाखला तसा निघाला. त्या खेपेतले काढलेले नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेकडं पाठवायचं पत्र लिहिलं, आणि निकाल येईपर्यंत ती खोकी वापरायची नाहीत असा शेराही मारला. स्टोअरवाल्यानं कपाळाला आठी घातली. पावसाळा तोंडावर आणि साहेबांनी माल अडवला, हे उद्या वर कळणार. कळू दे.

पॉलिमरचे इन्सुलेटर घ्या, कटकटच मिटेल, असाही सल्ला मिळतो. ते हलके असतात, पोरांनी दगड मारला तर फुटत नाहीत, सिलिकॉनवर पाणी पसरत नाही म्हणून धुळीच्या भागात चांगले. होटगीच्या बाजूला मीही तेच मागतो. पण त्यांचं म्हातारपण कसं ओळखायचं हे अजून आमच्या माणसांच्या हातात बसलेलं नाही. पोर्सेलीनला टिचकी तरी मारता येते.

४.४०

दुसऱ्या एका खांबाच्या कामासाठी परत बाहेर. वाटेत लांबवर ७६५ केव्हीचे मनोरे. अप्रेंटिसनं त्यांच्यावरच्या डिस्क मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मामांनी त्याला जुना हिशेब शिकवला: तीन डिस्क दिसल्या तर ३३ केव्ही, नऊदहा दिसल्या तर १३२, तेराचौदा म्हणजे २२०, तेवीसच्या आसपास ४००. त्यापुढं मोजत बसू नये, नुसतं लांब राहावं. ही रायचूर-सोलापूर लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि तिच्यामुळं दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात जोडली गेली. काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी. ती जोडणी सोलापुरात झाली हे गावात फार कुणाला माहीत नाही. चौकातला मुलगा सोलापूरचं नाव कशासाठी घेतो? चादर, शेंगाचटणी, सिद्धेश्वराची यात्रा. मामांना ठाऊक होतं. त्या वर्षी त्यांनी त्या मनोऱ्यांखालून आमची एक ११ केव्हीची लाइन हलवली होती आणि तीन दिवस दुपारचं जेवण तिथंच बाभळीखाली केलं होतं.

६.२०

कार्यालयात रजिस्टर. फीडर, बंद झाल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात आमच्याकडं 'पिन पंक्चर' एवढे दोनच शब्द लिहायची पद्धत. मी खाली एक ओळ वाढवली. सकाळच्या तुकड्याच्या बुडाला उत्पादकाचा शिक्का आणि वर्ष कोरलेलं होतं. मानकाप्रमाणं ते प्रत्येक नगावर असावंच लागतं. ते वर्ष आणि तो शिक्का टिपला. मग जुनी मेजरमेंट बुकं काढली. त्या टप्प्यात अकरा खांब एकाच वेळी उभे केलेले, एकाच खेपेचे तेहतीस पिन. एक गेला. बत्तीस अजून वर आहेत, आणि खेप भट्टीत एकाच दिवशी बसलेली असेल तर त्यांतले किती बद्द वाजतील हे पहिल्या मोठ्या पावसात कळेल. तोवर थांबायचं नाही.

स्टोअरकडं जुन्या, तपासलेल्या साठ्यातून पस्तीस पिनांची मागणी केली, बाइंडिंग वायरसकट. मामांशी बोलून दोन गँग ठरवल्या. काढलेला प्रत्येक पिन फेकायचा नाही, चुना लावून खांबाचा नंबर लिहून आणायचा, आणि चार-पाच फोडून शाई टाकायची. हे काम अप्रेंटिसचं.

मग सरपंचांना फोन. सोमवारी सकाळी ७ ते ११ लाइन बंद लागेल, गावच्या ग्रुपवर टाका.

"सोमवारी नको हो साहेब, दोन लग्नं आहेत गावात. मांडवात पंखे नाही चालले तर पाव्हणे मलाच धरतील."

मंगळवार?

"मंगळवारी करा. पण गिरणीवाल्याला तुम्ही सांगा, माझं तो ऐकत नाही."

गिरणीवाल्याचा नंबर सकाळच्या फोनांत होताच. मंगळवार, ७ ते ११, असं परमिटच्या वहीत पेन्सिलनं टाकलं आणि त्याला फोन लावला.